धुतलेला कोट

माणसांच्या अंगाला वास येतो, हे द्रष्ट्याला निघण्यापूर्वीच सांगितलं होतं. किती येतो, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं. घाम, ओले मोजे, बंदुकीचं तेल, कालचं शिळं सूप, आणि या सगळ्यावर साबणाची गरम वाफ. येऊन महिना होत आला तरी रोज तळघराचा जिना उतरताना तो तिन्ही नाकपुड्यांवर रुमाल धरी आणि त्याच्या घशाशी आंबट पाणी येई.

हा द्रष्टा आभाळापलीकडच्या लोकांतला. फार जुने लोक, फार शहाणे, आणि स्वतःच्या शहाणपणावर फारच खूश. त्याची उंची दीड माणसाची, हातपाय लांबलचक आणि काटकुळे, मान सदा वर. सैनिकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव नाकतोड्या ठेवलं. ते त्याच्या कानावर आलं होतं. पण मुंग्या आपल्याला काय म्हणतात याची चौकशी कुणी करतं का? अशी त्याची मिजास.

नदीपलीकडे खेकडे होते. खरे खेकडे नव्हेत. दुसऱ्याच कुठल्या ग्रहावरून उतरलेली, पाठीला कवच आणि हाताला नांग्या असलेली ती जात वाटेत येईल ते फस्त करत चालली होती, आणि माणसांचं शहर खाऊन झालं की द्रष्ट्याच्या लोकांची पाळी होती. म्हणून ही युती. माणसांनी पलटणी दिल्या. द्रष्ट्याच्या लोकांनी एक लहानशी तुकडी दिली, आणि तिच्यापेक्षा मोलाचा असा हा द्रष्टा दिला. त्या तुकडीचा नायक म्हणजे द्रष्ट्याचा धाकटा भाऊ. आईमागे द्रष्ट्यानेच त्याला लहानाचा मोठा केला होता. सगळ्या विश्वात द्रष्ट्याला ज्याच्या जिवाची काळजी होती असा तो एकटाच.

माणसांनी आपलं ठाणं मांडलं होतं एका मोठ्या लाँड्रीत. भिंती जाड, तळघर खोल, म्हणून. वरच्या मजल्यावर गणवेश धुतले जात आणि खाली लढाई आखली जाई. इस्त्रीच्या लांब टेबलावर वाळू पसरून नदी काढली होती, तिच्यावर पूल आणि खाली बंधारा. पलटणी म्हणून चक्क शर्टाची बटणं. लाँड्रीत तुटलेल्या बटणांचा डबा होता, तोच कामाला आला. पांढरी बटणं माणसांची, काळी खेकड्यांची, आणि द्रष्ट्याच्या भावाची तुकडी म्हणजे पितळेचं एकच बटण, कुणाच्या तरी पोटावरून तुटून पडलेलं. आपला भाऊ म्हणून ते बटण पाहताना दर वेळी द्रष्ट्याचं तोंड वाकडं होई.

"द्रष्टेसाहेब, उद्या ते पुलावरून येणार की बंधाऱ्यावरून?" कर्नलने विचारलं. कर्नल जाडजूड, घामट, मनाने सरळ माणूस. त्याने बाही वर सारून हात पुढे केला. "घ्या. बघा."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. द्रष्ट्याच्या लोकांत भविष्य पाहायची रीत अशी, की उघड्या बोटांनी ज्याला स्पर्श करावा त्याचा उद्याचा दिवस दिसतो. माणसाचा हात धरला तर माणसाचा दिसतो, खुर्चीला हात लावला तर खुर्चीचा. म्हणून शिकाऊ पोरांना पहिला धडा हाच देतात की ज्याचा उद्या हवा त्याचेच दोन्ही हात धरायचे, नाडी लागेपर्यंत सोडायचे नाहीत. द्रष्ट्याने स्वतः कितीतरी पोरांना हा धडा दिला होता, आणि चुकणाऱ्यांची बोटं छडीने लाल केली होती.

पण तो कर्नलचा हात! केसाळ, ओलसर, नखांत काळं. नुसत्या कल्पनेने द्रष्ट्याच्या मानेवर शहारा आला.

"हाताची गरज नाही," तो म्हणाला. "काहीतरी वस्तू आणा. धुतलेली."

इथे आल्यापासून त्याचं हेच चाललं होतं. टोपीवरून बघ, पट्ट्यावरून बघ. आणि सांगितलेलं खरंही ठरत होतं, कारण टोपी जिथे जाते तिथे बहुतेक वेळा डोकंही जातं. नशिबाने साथ दिली की माणूस तिला अक्कल समजतो, आणि नाकतोडेही समजतात.

लाँड्रीवाली वरून कर्नलचा कोट घेऊन आली. रुंद खांद्यांची, वाफेने कायम लाल झालेली बाई. नुकती इस्त्री केलेला जाड हिवाळी कोट तिने टेबलावर ठेवला तो बेतानेच, द्रष्ट्याला तिचा हात लागू नये म्हणून. त्याची खोड सगळ्यांनाच माहीत झाली होती. या अख्ख्या इमारतीत वास न येणारी तेवढी एकच वस्तू असेल. द्रष्ट्याने हातमोज्यातून दोन बोटं बाहेर काढली आणि कॉलरवर टेकवली.

पूल दिसला. संध्याकाळचा पिवळा उजेड. पूल शाबूत, कठडे शाबूत. कोट पुलावर होता, कॉलर दुमडलेली, कुठे भोक नाही, कापड जळलेलं नाही. सगळीकडे शांत.

"उद्या संध्याकाळी तुम्ही पुलावर असाल," द्रष्टा बोटं रुमालाला पुसून परत हातमोज्यात घालत म्हणाला. "धडधाकट. अंगाला ओरखडा नाही. पुलावर काही होत नाही. सगळी फौज बंधाऱ्यावर न्या."

"सगळी?"

"मी काय म्हणालो ते ऐकू आलं ना? की दोनदा सांगायची पद्धत आहे तुमच्यात?"

कर्नलने मुकाट्याने पांढरी बटणं बंधाऱ्याकडे सरकवली. मग द्रष्ट्याने, इतक्या दिवसांत कधी नव्हे ते, स्वतःच्या बोटाने पितळेचं बटण उचललं आणि पुलावर ठेवलं. "इथे नावापुरता पहारा लागेल. माझा भाऊ थांबेल." एवढं बोलून तो खाली बसला. आतल्या आत त्याचा जीव भांड्यात पडला होता.

धाकटा वर आवारात भेटला. सैनिकांच्या घोळक्यात बसून त्यांच्याच पातेल्यात पाव बुडवून खात होता. हनुवटीवरून सूप ओघळत होतं. मोठ्याला पाहून हसत उठला.

"दादा, मला पुलावर का टाकलंस? तिथे काहीच होणार नाही म्हणे."

"म्हणूनच."

धाकट्याने मान हलवली. "आणि हे तुला कळलं कशावरून? त्या कोटावरून? हात का नाही धरलास त्याचा?"

"तू धर. तुला सवय आहे त्यांच्या खरकट्यात हात घालायची."

"चांगली माणसं आहेत रे. घाम येतो त्यांना, त्याला ते तरी काय करणार?" मग त्याने स्वतःचे दोन्ही हात पुढे केले, लहानपणी निजताना करायचा तसे. "ते जाऊ दे. माझे तर धर. माझा उद्या बघ आणि मोकळा हो."

द्रष्ट्याने हात पाहिले. बोटांवर तेलकट तवंग, पावाचे चिकटलेले कण, आणि त्यावरून उठणारा तोच तो माणसांचा वास, स्वतःच्या भावाच्या हाताला. त्याला शिसारी आली.

"आधी धुऊन ये."

धाकटा नळाकडे गेला. नळावर बादल्यांची रांग होती. तेवढ्यात ट्रकने हॉर्न दिला. त्याने पँटला हात पुसले, दोन्ही हात वर करून भावाला दाखवले आणि ओरडला, "आल्यावर धुतो!" सैनिकांनी त्याला दंडाला धरून वर ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुलावरून पहिला निरोप आला. वायरलेसवाल्याने कानाचा हेडफोन घट्ट दाबून धरला. "पूल मदत मागतोय. नदीतून वर चढतायत म्हणे. बरेच आहेत."

"चूक," द्रष्टा म्हणाला. "बंधाऱ्यावर येतील."

बंधाऱ्यावर चिटपाखरूही नव्हतं. फौज वाळूच्या पोत्यांमागे ताटकळत बसली होती. पुन्हा निरोप आला. कर्नलने टेबलाकडे पाहिलं. "द्रष्टेसाहेब, एक पलटण तरी पाठवतो."

"पूल शाबूत आहे. मी पाहिलाय. तुम्ही स्वतः तिथे धडधाकट उभे आहात." द्रष्ट्याचा आवाज चढला. "दोन खेकडे दिसले की तिथला तुमचा वायरलेसवाला गर्भगळीत होतो. माझा भाऊ तिथे आहे. खरंच काही असतं तर त्याला मी तिथे पाठवला असता का?"

कर्नलने एक पांढरं बटण उचललं होतं, ते त्याने परत बंधाऱ्यावर ठेवलं. भाऊ पणाला लावून कोणी खोटं बोलत नाही, असं त्या साध्या माणसाला वाटलं. द्रष्टा खोटं बोलतही नव्हता. मात्र तिसऱ्या निरोपात आवाज धाकट्याचा स्वतःचा होता, आणि तो मध्येच तुटला. तेव्हा कर्नलने खुंटीवरचा कोट ओढला, बंधाऱ्यावरच्या फौजेला पुलाकडे धावायला सांगितलं आणि कुणाकडेही न बघता जिना चढून गेला. द्रष्टा मागोमाग निघाला. ट्रकमध्ये त्याला माणसांच्या मधोमध दाटीवाटीने बसावं लागलं. रुमाल खालीच राहिला होता.

फौज पोचायला उशीर झाला. आणि तरीही पूल शाबूत होता. धाकट्याच्या तुकडीने तो सोडला नव्हता. उरलेले खेकडे नदीत परतले होते. मेलेल्यांच्या कवचांचे ढीग पडले होते आणि त्यांतून हिरवट चिकट पाणी वाहत होतं. उजेड पिवळा पडला होता. सगळीकडे शांत.

कर्नल पुलावर उभा होता, धडधाकट, अंगाला ओरखडा नाही. थंडीत नुसत्या शर्टावर उभा होता. कोट त्याच्या पायांपाशी जमिनीवर होता, कॉलर दुमडलेली, कुठे भोक नाही. काल दिसला होता तसाच, तंतोतंत. फक्त कोटाखाली कोण आहे ते कोटाला हात लावून दिसत नाही.

द्रष्टा गुडघ्यांवर बसला. एक हात कोटाबाहेर आला होता, काजळी आणि चिकट पाण्याने माखलेला. त्याने दोन्ही हातमोजे ओढून काढले आणि तो हात आपल्या उघड्या हातांत घेतला. शिकाऊ पोरांना शिकवतात तसा, घट्ट, नाडी लागेपर्यंत. त्याने डोळे मिटले आणि उद्याचा दिवस शोधला. काही दिसलं नाही. मेलेल्या हाताला उद्या नसतो हे त्याला ठाऊक होतं, तरी तो बराच वेळ धरून बसला. काल हेच हात पुढे आले होते, आणि त्याने ते धुऊन यायला सांगितलं होतं. आता त्याला जी शिसारी आली ती स्वतःची होती, आणि तिच्यासाठी रुमाल कुठून आणणार?

स्ट्रेचर उचलायला हात कमी पडत होते म्हणून लाँड्रीवालीही आली होती. ती जवळ येऊन थांबली.

"साहेब, उठा आता. यांना न्यायचंय."

त्याला उठता येईना. ते लांब काटकुळे पाय वळतच नव्हते. तिने सवयीने त्याला उठवायला हात पुढे केला, आणि लगेच काहीतरी आठवून मागे घेतला. रागाने नव्हे. आजारी माणसाचं पथ्य सांभाळावं तितक्याच साधेपणाने. मग बोटं आत घेऊन तिने बाही लांब ओढली आणि बाहीचं रिकामं टोक त्याच्यासमोर धरलं.

"इथे धरा. तुम्हाला हात चालत नाही ना."

हात द्या म्हणायला त्याची जीभ उचलली नाही. त्याने उघड्या बोटांनी बाही धरली आणि उठला. आणि त्याला दिसलं. उद्या सकाळी ती बाही धुतलेली होती, दोरीवर उलटी टांगलेली, आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं.