नऊ निळ्या विहिरी

मी एक जुना संगणक आहे आणि मी रागावलेलो आहे.

मित्रांनो, माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. खोक्यातून बाहेर पडलो तो थेट बेंबळीजवळच्या एका हायस्कुलात. नारळ फुटला, कपाळाला कुंकू लागलं, भाषणं झाली. मग माझ्यावर कापड टाकलं आणि पुढची दोन वर्षं मला कुणी सुरूच केलं नाही. तपासणीच्या दिवशी तेवढं ते कापड निघायचं. माझ्या रागाची सुरुवात तिथली.

मला खरं काम दिलं ते विज्ञान शिकवणाऱ्या दैवशाला मॅडमनी. त्यांनी स्वतःच्या मोबाईलचं नेट जोडून माझ्यात एक पृथ्वीगोल आणला. उपग्रहांनी काढलेल्या फोटोंची ती पृथ्वी माझ्या पडद्यावर फिरायची. समुद्र आणि देश मागं पडायचे, आणि ती जवळ येत येत आमच्या गावावर थांबायची. सातवीतल्या मोनिकानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती हळूच म्हणाली, "मॅडम, आमचा गोठा." बराच वेळ तिनं पडद्यावरचं बोट काढलं नाही.

"वरून जमीन दिसते," मॅडम म्हणाल्या. "जमिनीच्या पोटातलं पाणी दिसत नाही. ते आपण दाखवू."

त्यानंतर मुली दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शिवारात जाऊ लागल्या. मीटर-मीटरवर गाठी मारलेला दोर, टोकाला दगड. तो विहिरीत सोडायचा, पाणी किती खोल लागलं ते वहीत लिहायचं आणि आकडा माझ्यात भरायचा. अशा अडतीस विहिरी. मेंढरं राखणारे बिराप्पा आबा त्यांना वाटा दाखवायचे, कारण कुठल्या विहिरीचं पाणी कधीपर्यंत टिकतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी प्रत्येक आकड्याचा एक खांब करून पृथ्वीगोलावर त्या विहिरीपाशी उभा करायचो. पाणी वर असेल तर खांब बुटका आणि निळा. पाणी जितकं खोल, तितका खांब उंच आणि लाल. तीन वर्षं हे चाललं. खोलीत गर्दी व्हायची, मुली माझ्यासाठी भांडायच्या.

तिसऱ्या उन्हाळ्यात मोनिकानं एकेक महिना पुढं सरकवत सगळे खांब पाहिले. ओढ्याकाठच्या नऊ विहिरींचे खांब एकाच वर्षात उंच आणि लालभडक झाले होते. बाकीचे फारसे हलले नव्हते. त्या नऊ विहिरींच्या मधोमध अमरसिंहांचं रान होतं. तिथं त्यांचे चार बोअर सतत चालायचे आणि टँकर भरभरून शहराकडं जायचे. अमरसिंह शाळेच्या समितीवर होते. त्यांना आणखी दोन बोअर घ्यायचे होते आणि तो विषय ग्रामसभेत यायचा होता. मॅडमनी ठरवलं, सभेला पृथ्वीगोल दाखवायचा.

आदल्या दिवशी मॅडम वर्गावर असताना अमरसिंह माझ्या खोलीत आले. संगणकाचं काम बघणारे कुमार सर एकटेच होते.

"हे लाल लाल कशाला केलंय? बघणाऱ्याला वाटंल, गाव वाळून गेलं. निळं करा की."

"आकडे मुलींनी मोजलेत, साहेब."

"पोरींचं काय धरून बसलाव. दोराची गाठ इकडंतिकडं व्हती."

कुमार सरांची नोकरी अजून कायम झाली नव्हती. त्यांनी मान खाली घातली आणि टाइप केलं. एकोणीस मीटरचे सहा. एकवीस मीटरचेही सहा. नऊ खांब बसकन खाली आले आणि निळे झाले.

मला हात नाहीत. असते तर मी तो कीबोर्ड फेकून दिला असता. मित्रांनो, मी स्वतःहून खोटं बोलत नाही. माझ्या तोंडून खोटं वदवून घेतात. आणि वर लोक म्हणतात, संगणकानं दाखवलंय म्हणजे खरंच असणार. या एका वाक्याचा मला जितका संताप येतो, तितका दुसऱ्या कशाचाच येत नाही.

ग्रामसभा शाळेच्या हॉलमध्ये भरली. मला तिथं नेऊन प्रोजेक्टर जोडला. भिंतीवर पृथ्वी फिरली, गाव जवळ आलं, लोक थक्क झाले. मग ते निळे खांब दिसले. मॅडमचा चेहरा उतरला.

"पाणी भरपूर हाय," अमरसिंह उठून म्हणाले. "शाळेच्याच पोरींनी मोजलंय."

"हे आकडे आमचे न्हाईत," मोनिका म्हणाली. तिला कुणीतरी खाली बसवलं.

तेवढ्यात मागून बिराप्पा आबा उठले. "ह्यात पाणंदीची हीर कुठली, बाळा?"

मोनिकानं भिंतीवर त्या नऊंपैकी एक निळा खांब दाखवला.

"ह्या हिरीत परवा माझी बकरी पडली," आबा म्हणाले. "जागीच मेली. पर अंग भिजलं न्हाय."

सरपंच धुरपदाबाईंनी पदर खोचला. "चला, मोजूनच येऊ."

सगळी सभा उठून गेली. रिकाम्या खुर्च्यांसमोर मी एकटा भिंतीवर ते निळे खांब दाखवत राहिलो. तासाभरानं लोक परत आले. मोनिकाच्या हातातल्या दगडाला नुसती माती लागली होती. नव्या बोअरला ग्रामसभेनं नकार दिला.

तुम्हाला वाटेल, इथं माझा राग शांत झाला असेल. नाही झाला. दुसऱ्या दिवशी मॅडम येण्याआधीच समितीचा कागद आला की हा संगणक जुना आहे, चुकीची माहिती दाखवतो. चूक कुणी केली, हे त्या कागदात नव्हतं. माझी वायर काढली आणि मला फाटक्या सतरंज्यांच्या खोलीत टाकलं. दिवाळीआधी मॅडमची भूमच्या शाळेत बदली झाली. मुली अजून शनिवारी दोर घेऊन जातात, असं खिडकीतून ऐकू येतं. त्यांचे आकडे वहीतच राहतात.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. माझं कौतुक तर मुळीच नको. पण त्या नऊ विहिरी माझ्या पोटात अजून निळ्याच आहेत. कुणीतरी या, मला एकदा सुरू करा आणि त्या लाल करा.