ताईच्या दुकानातली निळी रेघ

समुद्राचा अभ्यास करणाऱ्या प्राध्यापकांना सगळी गल्ली सर म्हणायची. एकटी त्यांची थोरली बहीण त्यांना पिंट्या म्हणायची, आणि तेही विद्यार्थ्यांसमोर. ताईचं शिलाईचं दुकान बंदरामागच्या त्याच गल्लीत, तळमजल्यावर होतं. गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर निळी रेघ मारायचं सरांच्या संशोधन संस्थेनं ठरवलं तेव्हा सरांना पहिली धास्ती वाटली ती ताईची.

बेत साधा होता. समुद्र तापतोय, त्याची पातळी चढतेय, हे लोकांना आलेख दाखवून पटत नाही. मग पन्नास वर्षांनी मोठ्या उधाणाला पाणी कुठवर येऊ शकतं, ते त्यांच्याच भिंतीवर दाखवायचं. पीएचडी करणारी एक विद्यार्थिनी उंचीची मापं घेत घरोघर फिरली. बेकरीवाला रुसून बसला, कारण त्याची रेघ शेजाऱ्यापेक्षा वर निघाली. त्याची जमीन एक पायरी खाली आहे हे सांगितल्यावर तर जास्तच रुसला.

ताईच्या दुकानात रेघ नेमकी शिलाई मशीनच्या टेबलाला टेकली.

"चार बोटं खाली घे," ताई म्हणाली.

"ताई, ते माप आहे. घासाघीस चालत नाही."

"गिऱ्हाइकांनी विचारलं तर काय सांगू?"

"सांग, समुद्र येणार आहे."

"काय शिवायला टाकणार आहे?"

विद्यार्थिनी घाईघाईनं मोजपट्टी गुंडाळू लागली. सरांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. रेघ मारून झाली, आणि दुसऱ्याच दिवशी ताईनं तिच्यापुढे तयार शर्टांची रांग टांगली. रेघ गुडूप.

त्यानंतर काही महिन्यांनी समुद्रात वादळ उठलं. मोठं उधाण आणि किनाऱ्याकडे येणारा वारा एकाच दिवशी जुळणार, गुरुवारी दुपारी गल्लीत गुडघाभर पाणी भरणार, असं संस्थेच्या संगणकानं सांगितलं. सर काळजीत पडले. खरं सांगायचं तर मनातून थोडे खूशही झाले. घरोघर जाऊन त्यांनी सामान वर हलवायला सांगितलं. ताई कुरकुरली, पण हलली. चार विद्यार्थ्यांनी तिची मशीनं वरच्या झोपायच्या खोलीत नेली. कापायचं टेबल जिन्याच्या वळणावर अडकलं, तेव्हा त्याचे पाय काढून ते न्यावं लागलं. ताई वरून सूचना देत राहिली आणि दर सूचनेला पिंट्याचं नाव घेत राहिली.

गुरुवारी गल्लीतली माणसं खिडक्यांतून डोकावत उभी राहिली. जवळच्या शाळेतल्या शिक्षिकाबाईंनी मुलं आणली, त्यांना ताईच्या जिन्यावर ओळीनं बसवलं. खाली गल्लीच्या मधोमध, रबरी बूट घालून, हातात मापाची काठी धरून सर उभे. पाण्यानं गटाराच्या जाळीतून डोकं वर काढलं, इकडेतिकडे पाहिलं आणि आल्या पावली परत गेलं. ऐन वेळी वारा फिरला होता.

"पिंट्या," वरून आवाज आला, "तुझे पाहुणे चुकले का रे?"

सगळी गल्ली हसली. बेकरीवाला तर जरा जास्तच. सरांनी मुलांना सांगितलं की वाऱ्यानं पाणी मागे लोटलं, अंदाज म्हणजे वचन नव्हे, आणि आज टळलं म्हणून कायमचं टळलं असं नाही.

"सर, पाणी आलं नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटलं?" एका मुलीनं विचारलं.

सर काठीवरचं कोरडं माप बघत म्हणाले, "थोडंसं. पण बरं जास्त वाटलं."

शुक्रवारी ते विद्यार्थ्यांना घेऊन मशीनं खाली उतरवायला गेले. ताई वरच्या खिडकीपाशी बसून काळ्या कापडावर काळ्या दोऱ्यानं शिवत होती. तिनं मानही वर केली नाही.

"राहू दे. इथं उजेड बघ कसला आहे. इतकी वर्षं खाली ट्यूबलाइटखाली डोळे फोडले."

सर हरखले. "म्हणजे तुला पाण्याचं पटलं."

"मला उजेडाचं पटलं."

"पण ताई, मूळ कारण…"

"सर," विद्यार्थिनी हळूच म्हणाली, "मशीन वर आहे ना? मग झालं तर."

सरांना काही ते झालं असं वाटेना. दिवसभर ते स्वतःशी पुटपुटत होते. शेवटी ताईनंच खालची खोली त्यांना देऊन टाकली. "तुझ्या शाळेच्या पोरांना शिकव तिथं. भिजलं तर तुझं भिजेल."

तिथं संस्थेचा वर्ग सुरू झाला. मुलं भरतीच्या नोंदी घ्यायला शिकली, काचेच्या टाकीत किनारा बांधून लाटांनी तो मोडायला शिकली. पुढच्या वर्षी पाणी खरंच आलं. कुणी भाकीत केलेलं नसताना, भर तासाला, घोट्याइतकं. मुलं खुशीत ओरडत बाकांवर चढली आणि सर बुटांसकट फळ्यापाशी उभे राहिले.

"सगळे वर या," ताईनं जिन्यातून हाक मारली. "तूसुद्धा."

अर्धवट शिवलेल्या कपड्यांतून वाट काढत वर्ग वर आला. ताईनं मुलांना पाय पुसायला चिंध्या दिल्या. पाय पुसता पुसता एका मुलानं विचारलं, "तुम्ही सरांची रेघ बघून दुकान वर आणलंत का?"

सरांनी तोंड उघडलं. चुकीची नोंद त्यांना कधी सहन व्हायची नाही.

ताईनं त्यांच्या चिंब बुटांकडे पाहिलं, मग मुलाकडे. "हो रे," ती म्हणाली. "माझा भाऊ शिकलेला आहे. त्याचं ऐकावं लागतं."

सरांनी उघडलेलं तोंड मिटलं. मग खिडकीपाशी जाऊन, गल्लीतल्या पाण्याकडे बोट दाखवत, त्यांनी तास पुढे सुरू केला. आवाज जरा घोगरा येत होता. मुलांना वाटलं, सरांना सर्दी झाली.