जावयानं घासलेला टाळ

या, असे जवळ सरका, सतरंजीवर जागा आहे. एका शहाण्या जावयाची गोष्ट सांगतो. मधेच ‘विठ्ठल’ म्हणावंसं वाटलं तर मोकळ्या गळ्यानं म्हणा.

चाकूरच्या कस्तुराबाईंचे मालक नरसिंग जन्मभर कीर्तनात महाराजांच्या मागे टाळ धरून उभे राहिले. ते गेले त्याला वर्ष होत आलं. त्यांची खूण म्हणून घरात एकच कॅसेट, उमरीच्या सप्ताहातली; आणि तिच्यात खरखर अशी, की मंडपात कुणी पापड तळतंय. वर्षश्राद्धाला तो टाळ पुन्हा कानावर पडावा, एवढीच बाईंची इच्छा.

काम अंगावर घेतलं जावयानं. आदिनाथराव नांदेडला कॉम्प्युटरवर आकडेमोड करायचे, आणि तेवढ्यावर त्यांना त्रिभुवनातलं सगळं कळायला लागलं होतं. सासूला समोर बसवून त्यांनी प्रवचनच झोडलं. आवाज म्हणजे आकड्यांची रांग. दर आकडा उचलायचा, त्याच्या जागी त्याची आणि शेजाऱ्यांची सरासरी ठेवायची. जवळच्याला वजन जास्त, लांबच्याला कमी. चढउतार सपाट, खरखर गायब. दोन-चार शेजाऱ्यांत भागलं असतं. पण थोडक्यात आवरणं जावईबापूंच्या मोठेपणाला शोभलं नसतं. त्यांनी अख्खी आळीच बोलावली.

वर्षश्राद्धाला माणसं जमली, स्पीकर लागला. महाराजांचा आवाज आला, गोधडीत तोंड खुपसल्यासारखा. सगळ्यांनी माना डोलावल्या. जावयाला नावं कोण ठेवणार? आदिनाथराव तर असे बसले, जणू कीर्तन त्यांनीच केलंय. अभंग संपेपर्यंत कस्तुराबाई कान देऊन ऐकत राहिल्या. मग डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "जावईबापू, महाराज ऐकू आले. आमचे मालक कुठं हायत?"

"आई, तो खणखणाट सगळ्यात त्रासदायक होता. आधी तोच घासून काढला."

बाई नुसत्या हार घातलेल्या फोटोकडे बघत बसल्या. ते बघवेना, तशी लेक उठली. पुनम शाळेत गणित शिकवते.

"अहो, टाळ म्हणजे एका क्षणाचा उंच ठोका," ती नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही तो सगळ्या शेजाऱ्यांत वाटला. पंगतीत एकच लाडू गावभर वाढला, तर पानात पडेल काय? दोन्हीकडचा एकेकच शेजारी घ्या, आणि जास्त वजन मधल्यालाच राहू द्या."

कॅसेटवरून उतरवलेला मूळ आवाज लॅपटॉपमध्ये शाबूत होता. हे शहाणपण जावयाचं नव्हे, देवाचंच. पुनमनं तिथंच बसून तो नव्यानं गाळला. खरखर बरीचशी राहिली, पण तिच्यातून टाळ लख्ख वाजला, तालाच्या किंचित पुढं धावणारा.

"हाव, हेच," कस्तुराबाई डोळे पुसत हसल्या. "लई घाई असायची त्यांना."

आदिनाथराव शेजारच्याला सांगत होते, आपणही हेच सुचवणार होतो.

पुढच्या कीर्तनात महाराजांच्या पाया पडालच. तेव्हा मागच्या ओळीकडेही हात जोडा, आणि घाईनं टाळ वाजवणाऱ्या नरसिंगाची आठवण काढा.