गुडघ्यातला छर्रा

साकेत नगरच्या इस्पितळात ऋचाचं नाव पुकारलं तेव्हा फाइल भालचंद्ररावांच्या मांडीवर होती. त्यांनी ती सुनेला, मधुराला दिली नाही, स्वतःच घेऊन आत गेले. पाच वर्षांची ऋचा मधुराच्या कडेवर होती. गेला महिनाभर ती चालायचं म्हटलं की कडेवर घ्यायला सांगायची.

चार महिन्यांपूर्वी, खंडेनवमीला, सासऱ्यांनी परवान्याची जुनी बंदूक पूजेत मांडली होती. त्यांच्या घरची रीत अशी, की पूजेची बंदूक वरून पुसायची, उघडायची ती दसरा झाल्यावरच. त्यामुळे आत काडतूस राहिलंय हे कोणी पाहिलंच नाही. झेंडूची माळ चापात अडकली, त्यांनी ती ओढली आणि बार उडाला. फरशीवर आपटून एक छर्रा ऋचाच्या गुडघ्यात शिरला.

सासऱ्यांचे मित्र डॉक्टर गजाननकाका यांनी जवाहर चौकातल्या आपल्या दवाखान्यात टाके घातले आणि कागदावर लिहिलं, 'फटाक्याची इजा'. छर्रा सांध्यात खोल बसला होता. "सूज उतरू दे. दीड महिन्यानं पुन्हा एक्स-रे काढून आणा, मग बघू," ते म्हणाले होते.

भालचंद्ररावांनी ऋचाला नेलं नाही. नवा एक्स-रे म्हणजे नवा माणूस बघणार, मग पोलीस, मग या वयात कोर्ट. "जखम भरली ना? मग कशाला उकरायचं?" पहिल्या एक्स-रेची फिल्म त्यांनी मधुराकडेच दिली, जाळून टाकायला. तिनं ती ऋचाच्या तान्हेपणीच्या झबल्यांखाली घडीत ठेवली.

आणि ती बघत राहिली. पोटात दुखतं. चार-चार दिवस शी नाही. ओठ फिके. पाठ असलेली कविता अर्ध्यावर विसरते. सगळं तारखेनिशी वहीत. नवरा हसायचा. "बी.एस्सी. केलंस की डॉक्टरकी, मधुरा?" शेवटी तिनं एकटीनंच इथं आणून रक्त तपासायला दिलं होतं. आज रिपोर्ट ऐकायला सासरे मात्र न बोलावता सोबत आले.

डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. "बच्ची के खून में सीसा है. बहुत ज़्यादा. घर में पुराना पेंट उखड़ रहा है? सुरमा लगाते हैं? कोई बैटरी का काम करता है?"

"नहीं जी, ऐसा कुछ नहीं," भालचंद्रराव म्हणाले.

बाईंचं लक्ष गुडघ्यावरच्या वणाकडे गेलं. "और ये?"

"फटाका," ऋचा म्हणाली. तिला कोणी विचारलंही नव्हतं. मग आजोबांकडे वळून, "हो ना, आजोबा?"

आजोबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. तो शब्द मधुरानंच तिच्याकडून घोकून घेतला होता, वेणी घालता घालता, चुकली की पुन्हा.  मधुरानं पिशवीतून जुनी फिल्म काढली आणि टेबलावर ठेवली.

"फटाका नहीं था, मॅडम. बंदूक थी. सीसे का छर्रा अभी भी अंदर है."

"मधुरा," सासरे हळूच म्हणाले, "हे घरी बोलू."

"घरी चार महिने होते, बाबा."



बाईंनी आवाज चढवला नाही. "पुलिस को तो बताना पड़ेगा. वो बाद में. पहले एक्स-रे, और बच्ची आज भर्ती होगी."

अर्ध्या तासानं नवा एक्स-रे पडद्यावर आला. जुनी फिल्म बाईंनी शेजारच्या उजेडाच्या डब्यावर लावली. मधुरा ऋचाला घट्ट धरून पुढे झाली. जुन्या फिल्मवर छर्रा वाटाण्यासारखा गोल होता, कडा स्वच्छ. पडद्यावरचा लहान होता, एका बाजूनं खरवडल्यासारखा, आणि त्याच्याभोवती सांध्याच्या आतून पांढरी भुकटी पसरली होती, रांगोळी पुसताना उरते तशी.

"जोड़ के पानी में घुल रहा है," बाई म्हणाल्या.

"इतना छोटा कैसे हुआ?" भालचंद्ररावांनी विचारलं. "बाकी गया कहाँ?"

"खून में," बाई म्हणाल्या. त्यांनी ऋचाचा खालचा ओठ अंगठ्यानं हळूच खाली ओढला आणि मधुराला जवळ बोलावलं. हिरडीवर, दातांच्या मुळाशी, पेन्सिलीनं ओढल्यासारखी बारीक निळसर रेघ होती, शिशाची. रोज सकाळी तिचे दात मधुराच घासून द्यायची.