बिनभोकाचं नाणं

मास्तरांना सगळे मास्तर म्हणत ते शाळेमुळे नव्हे, शिवणकामामुळे. हयातभर त्यांनी कोट शिवले, आणि त्यांचं काज असं असे की गिऱ्हाईक बटण लावता लावता क्षणभर थांबून बघे. आता दुकान पुतण्याने घेतलं होतं, नजर थोडी अधू झाली होती, पण भोकांचा नाद काही सुटला नव्हता. फक्त तो कापडातून धातूत शिरला होता.

म्हणजे असं, की मास्तर देशोदेशीची नाणी जमवत, आणि त्यातही फक्त मधोमध भोक असलेली. सुरुवात झाली एका खलाशाच्या कोटापासून. अस्तर बदलायला आलेल्या त्या कोटाच्या शिवणीत एक पिवळं नाणं अडकलेलं सापडलं, मधे स्वच्छ गोल भोक असलेलं. खलाशी म्हणाला, "राहू द्या तुम्हालाच, बटण म्हणून लावा." मास्तरांनी ते कुठेच लावलं नाही. कामाच्या टेबलावर समोर ठेवलं, दिवसभर बघितलं, आणि नाद लागला तो लागलाच.

"लोक नाणी जमवतात," बायको येईल त्याला सांगे, "आमचे हे भोकं जमवतात." हे ती इतक्या जणांना सांगून चुकली होती की आता पाहुणे आले की मास्तरच तिच्या आधी सांगून मोकळे होत.

नाणी ठेवायला मास्तरांनी लाकडी तबक बनवून घेतलं होतं आणि त्याला आतून स्वतः गडद निळी मखमल शिवली होती. प्रत्येक नाण्याला मापाचा कप्पा. सगळे भरलेले, एक सोडून. शेवटच्या ओळीत, वेलीच्या पानांचं नक्षीकाम असलेल्या एका पितळी नाण्याच्या शेजारी, तो रिकामा कप्पा वर्षानुवर्षं आ वासून बसला होता.

"बाबा, इथे काय यायचंय?" लेकीने लहानपणी विचारलं होतं.

"हेच, शेजारचं. त्याच बेटाचं. फक्त पुढच्या सालचं."

हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. त्या बेटाच्या टाकसाळीत त्या पुढच्या साली चकत्यांना भोक पाडणारं यंत्र मधेच रुसलं, आणि काही चकत्या तशाच, सबंध, छापाखाली गेल्या. अशी बिनभोकाची नाणी जगात मोजकीच होती. भोकाची नाणी जमवणाऱ्या माणसाला हवं होतं ते भोक नसलेलं एक नाणं. ज्याने जन्मभर काजं केली त्याला एखाद दिवशी सबंध कापडाकडे नुसतं बघत बसावंसं वाटतं, तसलाच हा प्रकार.

पण हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. छंदवाल्यांचा तसा दंडकच असतो. तुम्हाला काय हवंय ते एकदा तोंडातून निसटलं की विकणारा कान टवकारतो आणि किंमत आभाळाला भिडते. दर रविवारी वाचनालयाच्या वरच्या खोलीत नाणेवाल्यांची बैठक भरे. टेबलावर हिरवं बनातीचं कापड अंथरलेलं, प्रत्येकासमोर एक भिंग, आणि प्रत्येकाच्या तोंडाला कुलूप. हवं असलेलं नाणं समोर आलं की चेहरा पाडून म्हणायचं, "हे होय, हे आहे माझ्याकडे." मास्तर यात इतके मुरले होते की घरातही तेच. बायकोला सांगावं तर ती शेजारणीला सांगणार, शेजारीण भावाला, आणि भाऊ नेमका चष्मेवाल्याच्या दुकानात चष्मा करायला जाणार.

हा चष्मेवाला म्हणजे मास्तरांचा जुना दोस्त. तो जहाजांची नाणी जमवे. मनाने सोन्यासारखा, पण पोटात काही राहायचं नाही.

आता जावयाबद्दल. लेकीचं लग्न होऊन वर्ष उलटलं होतं. जावयाचं स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक प्रेस, आणि दाराला एक करकरणारं शटर. माणूस सालस, कामाला वाघ, पण बोलायला म्हणाल तर मुका बरा. आणि मास्तरही नव्या माणसापाशी चटकन खुलणारे नव्हेत. दोघं बाहेरच्या खोलीत बसले की चहा लवकर संपे आणि पुढे काय करायचं ते कुणालाच कळत नसे. "काय जावईबापू, काम कसं चाललंय?" "ठीक चाललंय बाबा." झालं. मग दोघंही खिडकीबाहेर बघत, आणि आत मायलेकी एकमेकींकडे.

लेकीला याचं फार वाईट वाटे. तिच्या नवऱ्याला त्याहून जास्त. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले होते, आणि या घरात आपल्याला नुसतं 'जावईबापू' म्हणून मानाच्या खुर्चीत बसवून ठेवलंय, हे त्याला टोचत होतं. त्याला त्या खुर्चीतून उठून आत यायचं होतं, एवढंच.

एका रविवारी मात्र नवल घडलं. जावयाने खिशातून व्हर्नियर काढला आणि जरा चाचरत विचारलं, "बाबा, ते वेलीचं नाणं जरा बघू? त्याचं भोक किती आहे ते मोजायचं होतं."

मास्तरांना इतका आनंद झाला की त्यांनी कारणही विचारलं नाही. पोराला गोडी लागतेय असं वाटून त्यांनी तबक पुढे सरकवलं. जावयाने नाणं कडेने धरलं, भोक दोनदा मोजलं आणि आभार मानले.

पुढच्या बैठकीला लेक नवऱ्याला घेऊन वाचनालयाच्या जिन्यावर हजर. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मास्तरांच्या शेजारी चष्मेवाला बसला होता, त्याने सरकून जागा दिली. लेकीने नवऱ्याला रीत पढवून आणली होती, की नाणं हातातून हातात द्यायचं नाही, कापडावर ठेवायचं आणि समोरच्याने उचलायचं. जावयाने खिशातून कागदाची पुडी काढली, नाणं बनातीवर ठेवलं आणि हात मागे घेतला.

वेलीची पानं. तेच बेट. मास्तरांनी भिंग लावून साल बघितलं. अगदी तेच साल. नाणं असं करकरीत की जणू काल टाकसाळीतून निघालंय.

"तुमच्या रिकाम्या कप्प्यासाठी," जावई म्हणाला. "हिने सांगितलं होतं कुठलं साल ते. परगावी मशीन बसवायला गेलो होतो, तिथे रस्त्यावर एकाकडे डबाभर मोड होती. रोज काम सुटलं की जाऊन उपसत होतो."

मास्तरांचा ऊर भरून आला. बिनभोकाचं नसेना का, पोराने आपल्यासाठी डबा उपसला. ते काही बोलणार, तोच जावई पहिल्यांदाच आपण होऊन पुढे बोलला, आणि तेही हौसेने.

"फक्त माल जरा खराब निघाला होता. त्याला भोकच नव्हतं. विकणाराही म्हणाला, हे वाया गेलेलं दिसतंय, तसंच घेऊन जा. म्हटलं, त्यात काय, आपल्याकडे प्रेस आहे. तुमच्या नाण्यावरून माप घेतलं, पंच मुद्दाम नवा घासला आणि पाडलं. बघा ना, अगदी मधोमध आहे. केसाचाही फरक नाही."

टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाला कळलं होतं काय झालं ते, दोघं सोडून. एक जावई आणि दुसरी लेक.

चष्मेवाल्याचं तोंड उघडलं. "अहो, म्हणजे ते बिनभो..." मास्तरांनी टेबलाखाली त्याच्या पायावर पाय असा दिला की त्याचं उरलेलं वाक्य खोकल्यात गेलं.

मास्तरांनी ज्याची जन्मभर वाट पाहिली ते नाणं चालत दाराशी आलं होतं, आणि दारातच त्याला भोक पाडलं होतं. पाडलं होतं मात्र नेटकं. भोकाची कड त्यांनी बोटाने चाचपली. एका बाजूने किंचित गोल, दुसऱ्या बाजूने धार, आणि धारही कुणीतरी बारीक पॉलिशने मायेने मोडलेली. असं काज त्यांनी स्वतःही फार थोड्या वेळा केलं असेल. समोर पोरगा पहिल्यांदा सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत होता. आता 'छान' म्हणून विषय मिटवला असता तर मिटला असता. पण आज ना उद्या चष्मेवाल्याच्या पोटातून ते बाहेर पडणारच होतं. सासऱ्याने आपली समजूत घातली, हे पोराला भलत्याच्या तोंडून कळावं, ही गोष्ट मास्तरांना त्या नाण्यापेक्षा जड वाटली.

नाणं पुडीत बांधून ते उठले.

"चल," ते म्हणाले, "तुझं वर्कशॉप दाखव मला."

लेकीने चमकून वडिलांकडे पाहिलं. वर्षभरात ते तिच्या नवऱ्याला 'तू' म्हणाले नव्हते.

वाटेत, फुटपाथवरून चालता चालता, मास्तरांनी दोघांना सगळं सांगितलं. यंत्र रुसलं ते, त्या मोजक्या नाण्यांचं, रिकाम्या कप्प्याचं. जावई थांबला. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, म्हणजे मी..."

"तू काय? भोकाची नाणी जमवणाऱ्याला तू भोकाचं नाणं आणलंस. शहाण्या माणसाने हेच केलं असतं. मी घरच्या माणसांशीही विकणाऱ्यासारखा वागलो. मनात एक, सांगायचं दुसरं. मी नीट सांगितलं असतं तर तू ते तसंच आणलं असतंस." मग, प्रामाणिकपणे, "वाईट वाटलंय मला. नाही कशाला म्हणू? पण तुझ्यावर राग नाही रे."

उरलेली वाट जावई मास्तरांच्या मागे न राहता बरोबरीने चालला.

शटर करकरत वर गेलं. आत तेलाचा वास आणि रविवारची शांतता होती. मास्तरांनी प्रेसकडे बोट केलं. "भोक पाडलंस, तेव्हा आतली टिकली कुठे गेली?"

"खाली ट्रेमध्ये. पण बाबा, तिथे आठवडाभराच्या टिकल्या आहेत. वॉशरचं काम होतं."

ट्रे बाहेर ओढला. पत्र्याच्या बारीक गोल टिकल्यांचा ढीगच्या ढीग. लेकीने डोक्याला हात लावला. मास्तरांनी मात्र खिशात हात घातला आणि लोहचुंबक काढलं. सांडलेल्या टाचण्या गोळा करायला शिंपी ते बाळगतोच, आणि नाणं लोखंडाचं तर नाही ना, हे बघायला नाणेवालाही. त्याच क्षणी जावयानेही भिंतीवरच्या खिळ्यावरून आपलं लोहचुंबक उतरवलं. दोघांनी एकमेकांच्या हाताकडे पाहिलं, आणि जावई चक्क हसला.

मग सासरा-जावई फरशीवर मांडी ठोकून बसले. चुंबक फिरवायचं, चिकटलेलं लोखंड झटकायचं, पुन्हा फिरवायचं. बोलायला आता विषय शोधावा लागत नव्हता. हा पंच कुठला, ती डाय कशी बसवतात, कोटाच्या जाड कापडाला काज करताना सुई कशी वळवतात. लेकीने चहा आणला तो दोघांनीही गार करून प्यायला. शेवटी ट्रेच्या तळाशी थोडा पितळेचा कीस उरला, आणि त्यात एक पिवळी टिकली. मास्तरांनी ती ओल्या बोटाने उचलली आणि भिंगाखाली धरली. दोन्ही अंगांनी कोरी, फक्त एका कडेला वेलीच्या देठाचं इवलंसं टोक.

घरी येऊन त्यांनी नाणं रिकाम्या कप्प्यात ठेवलं आणि चिमट्याने टिकली भोकात बसवली. खालच्या मखमलीने ती अलगद धरून ठेवली. वरून बघितलं तर नाणं सबंध दिसे. नीट बघितलं तर त्यात केसाएवढी गोल रेघ दिसे.

बायको पदराला हात पुसत आली. "भरला एकदाचा? काय आणलं?"

"इतकी वर्षं तू गावभर सांगतेस की मी भोकं जमवतो," मास्तर म्हणाले. "खोटं होतं ते. टाकसाळवाले भोक स्वतःकडे ठेवायचे आणि मला नुसती कड द्यायचे. भोक आज पहिल्यांदा घरात आलं. आणलं तुझ्या जावयाने."

जावई मानेपर्यंत लाल झाला. तो मानाच्या खुर्चीत बसला नव्हता. तबकाशेजारी, मास्तरांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसला होता.

"बाबा," तो म्हणाला, "पुढच्या महिन्यात पुन्हा परगावी जायचंय. त्या डब्यात अजून बरंच होतं. काय शोधू?"

मास्तरांनी सवयीने आधी दाराकडे पाहिलं. मग खिडकीकडे, तीही उघडी होती. शेजारीण गॅलरीत कपडे वाळत घालत होती. मास्तरांनी घसा साफ केला आणि आपल्याला काय काय हवंय ते चांगलं खणखणीत आवाजात सांगायला सुरुवात केली.