शून्य ग्रॅमचा वारस

माझ्या मामाने मृत्युपत्र लिहिलं, तेव्हा त्यातली अडचण आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आली नाही. त्याने गल्लीतल्या प्रत्येकाला काही ना काही ठेवलं होतं.

मामा तराजू दुरुस्त करतो. दुकान एवढं चिंचोळं की गिऱ्हाईक आत आलं की आईला उभं राहावं लागतं. आई म्हणजे त्याची धाकटी बहीण. अठरा वर्षं ती तिथे बसून पारडी घासते, काटे जुळवते. पण कागदोपत्री दुकान एकट्या मामाचं, आणि मामाने लग्न केलेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, त्यासाठी त्या दुपारी चार वाजता इस्पितळात हजर व्हायचं होतं. वकीलबाईंनी आधीच बजावलं होतं की मृत्युपत्र नसेल तर तिन्ही भावंडांत वाटे पडतील. दोन्ही थोरल्या मामांना दुकान विकायचं होतं. त्यातला एक तर तब्येतीची चौकशी करायला आला, तो खिशात मोजपट्टी घेऊनच.

म्हणून मामाने स्वच्छ अक्षरात लिहून काढलं: दुकान बहिणीला. एवढ्यावर थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याच्याकडे तपासणीच्या पितळी वजनांची पेटी आहे, आणि ती त्याने सढळ हाताने वाटली. पाच किलो किराणावाल्याला, दोन किलो भाजीवाल्या काकूंना, एक किलो फुलवालीला, पाचशे ग्रॅम बेकरीवाल्याला. रसायनं तोलायचा नाजूक तराजू मला, कारण मी भौतिकशास्त्र शिकले. सर्वांत शेवटी एक ओळ होती: समोरच्या दुकानदारास, शून्य ग्रॅम.

सव्वादोनला मी वकीलबाईंना फोन केला. त्या कोर्टात होत्या, हळू आवाजात बोलत होत्या. दोन सज्ञान साक्षीदार हवेत, दोघांनी मामाला सही करताना पाहायचं आणि त्याच्यासमोर आपली सही करायची. नंतर गरज पडली तर सापडतील अशी माणसं हवीत, रस्त्याने जाणारा कोणीही नको. आणि मुख्य म्हणजे, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करायचं नाही; नाहीतर त्याला ठेवलेली वस्तू जाते आणि भांडणाऱ्याला आयतं कारण मिळतं.

मी कागदावर तक्ता आखला. उभ्या रांगेत माणसं, आडव्या रांगेत तीन प्रश्न: सज्ञान आहे का, जवळपास आहे का, काही मिळतंय का. शेवटच्या रकान्यात एक घर वगळता वरपासून खालपर्यंत "हो" भरलं. मी आई आणि मामा दोघांना ते दाखवलं. मामा म्हणाला, छान, म्हणजे कोणी सुटलं नाही.

तेवढ्यात पोस्टमन आला. या भागात त्याचा तिसराच दिवस होता आणि मामाला अजून त्याचं नाव माहीत नव्हतं, म्हणून तो वाचला होता. साक्षीला तो आनंदाने तयार झाला, फक्त पावणेतीनला त्याला निघायचं होतं. एक झाला. मी घड्याळ लावलं.

मग पाण्याचे जार पोचवणारा दारात दिसला. तोही हो म्हणाला. मामाचा ऊर इतका भरून आला की मी वळून बघेपर्यंत त्याने खाली एक ओळ वाढवली होती: पाण्याचे जार आणणाऱ्यास, पन्नास ग्रॅम.

"दादा, पेन खाली ठेव," आई म्हणाली.

मामाने ठेवलं, पण ओळ खोडायला ठाम नकार दिला. दिलेलं वजन तो परत घेत नाही म्हणे. जारवाल्याला तर फारच आवडलं. त्याने विचारलं की पन्नास ग्रॅमचं केवढं असतं, आणि हातात घेऊन बघितलंही. दोन बत्तीस झाले होते. पोस्टमन स्टुलावर बसून आमच्याकडे सिनेमा बघावा तसा बघत होता.

मी तक्त्यावरून पुन्हा बोट फिरवलं. शेवटच्या रकान्यात एकाच माणसापुढे मी काय लिहावं हे मला ठरवता आलं नव्हतं. परत फोन केला.

"शून्य ग्रॅम ठेवलं असेल तर ते काही मिळणं होतं का?"

वकीलबाईंनी मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "शून्य म्हणजे शून्यच. तो चालेल."

तो म्हणजे डिजिटल. समोर इलेक्ट्रॉनिक काटे विकतो म्हणून गल्लीत त्याला याच नावाने ओळखतात. नऊ वर्षांपूर्वी त्याने भर गिऱ्हाइकांत म्हटलं होतं की काट्याचा तराजू म्हणजे नुसता अंदाज. तेव्हापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नव्हतं, आणि अरुंद गल्लीत समोरासमोर बसून हे साधणं सोपं नाही.

मी धावतच रस्ता ओलांडला. सगळं एका दमात सांगितलं, शून्य ग्रॅमसकट. डिजिटलने शांतपणे चष्मा पुसला, दुकानाला कडी घातली आणि माझ्या मागोमाग आला. दोन एकोणचाळीस.

"मला खरंच काही ठेवलेलं नाही ना?" त्याने मामालाच विचारलं.

"एक ग्रॅमसुद्धा नाही."

"मग द्या पेन."

मामाने सही केली, दोघांनी पाहिली. पोस्टमनने केली. डिजिटलने केली, खाली तारीख घातली आणि पेन धरूनच म्हणाला, "फुलवाली दरवर्षी तुमचं किलोचं वजन दिवसभर नेते ना, ते माझ्यासाठी. त्याच्याशी ताडल्याशिवाय माझं मशीनही अंदाजच सांगतं."

मामाचा चेहरा पाहून मला धोका कळला. मी झडप घालून कागद उचलला आणि आईने पेन. मामाचा हात हवेत नुसताच लिहीत राहिला. वीस ग्रॅमचं तरी लिहू दे, तो गयावया करू लागला. मी सांगितलं की माणूस हयातीत आपल्या हाताने काहीही देऊ शकतो, त्याला मृत्युपत्र लागत नाही. लगेच तो पेटीकडे वळला.

"आज नको," डिजिटल म्हणाला. "साक्षीदाराला लाच दिली म्हणतील. परत या आणि तेव्हा द्या. मी कुठे जात नाही."

मामाने झाकण मिटलं. पोस्टमन बरोबर पावणेतीनला निघाला.

अकराव्या दिवशी मामा परत आला, रिक्षातून उतरल्या उतरल्या पेटी उघडून समोरच्या दुकानात गेला आणि एक किलोचं वजन काउंटरवर ठेवून आला. मग त्याच्या लक्षात आलं की ते फुलवालीचं होतं. तेव्हा मृत्युपत्र आता नव्याने करावं लागणार, आणि मी पुन्हा तक्ता आखायला घेतलाय. वजन घेतल्यामुळे डिजिटल बाद झालाच. काल मामाने पोस्टमनला त्याचं नाव विचारलं.