दुपारी दोनचा तास

निवृत्तीनंतर घरात स्वस्थ बसवेना, म्हणून बाई परदेशातल्या एका रखरखीत खेड्यात बिनपगारी गणित शिकवायला गेल्या. त्यांनी वर्गाची वेळ दुपारी दोनची ठेवली.

"बाई, त्या वेळी इथं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

"छत्तीस वर्षं दोनचाच तास घेतलाय मी," बाई ठसक्यात म्हणाल्या.

पहिल्या दिवशी तापल्या पत्र्याखाली बारा मुली घामाघूम होऊन बसल्या. बाईंनी फळ्यावर अपूर्णांकांची पाच गणितं लिहिली आणि "सोडवा, माझं लक्ष आहे" म्हणत खुर्चीला पाठ टेकली. पाठ टेकताच त्या थेट घोरायलाच लागल्या.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. एक मुलगी वहीनं त्यांना वारा घालत होती. गणितांखाली कुणीतरी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'उद्यापासून वर्ग सकाळी सहाला.'

"हे कुणी ठरवलं?" बाईंनी डोळे वटारले.

"तुम्हीच, बाई. आम्ही विचारलं, तर झोपेत हो म्हणालात," वारा घालणारी म्हणाली.

अकरा जणींनी वह्यांआड तोंडं लपवली. बाईंनाही हसू आवरेना. चष्मा पुसून त्यांनी वह्या ओढल्या. चौघींचं पाचवं गणित चुकलं होतं.

"या चौघी उद्या पावणेसहाला," बाई म्हणाल्या.